दगडूनानांची कण्हेर

आमच्या गावात मिशा पुष्कळांना होत्या, पण मिशीची चाकरी करणारा माणूस एकच, आमचे शेजारी दगडूनाना. सकाळी उठून आधी आईला चहा द्यायचे आणि मग मिशीला खोबरेल. टाळूला नाही, अंगाला नाही, फक्त मिशीला. न्हाव्याची कात्री जरा कुठं त्या बाजूला वळली की नाना त्याचं मनगट धरायचे. "आस्ते. माय जित्ती हाय तवर हिला वस्तारा लागायचा न्हाई." आईबाप गेल्यावर लेकानं डोकं आणि मिशी उतरवायची, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर बायकांनी "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून त्याला झापलं असतं. नाना मात्र असे रुबाबात म्हणायचे, जसं काही म्हातारीच्या आयुष्याची हमी त्या मिशीनंच घेतलीय.

तर ही एवढी मिशी घेऊन नाना एक दिवस माझ्या केकच्या वर्गात येऊन बसले.

वर्ग म्हणजे काय, माझी पडवी. थोरली लेक अंबाजोगाईला कॉलेजात होती, तेव्हा तिच्या खोलीखालच्या बेकरीवाल्या बाईंकडून मी केकवर क्रीमची फुलं काढायला शिकले होते. पुढं पाऊस रुसला. शेतात बायकांना काम उरलं नाही. टँकर यायचा तेव्हा यायचा, तोवर घागरी रांगेत आणि बायका सावलीत. आमच्या बचत गटातल्या म्हणाल्या, "शोभाताई, नुसतं बसून एकमेकींच्या सासवा किती काढायच्या? आमाला बी फुलं शिकीव." म्हणून मी सुरू केलं.

नाना उंबऱ्यात दिसले तशा सगळ्या सुनांनी डोक्यावर पदर घेतले. आता एका हातानं पदर सावरायचा, तर क्रीमचा कोन कुठल्या हातानं दाबायचा? मी म्हटलं, "नाना, काय काम होतं?"

"काम न्हाई. शिकायचंय."

"काय?"

"फुलं."

गटातल्या मंदानं तोंडात पदर कोंबला. मी तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं, पण खरं सांगायचं तर हसू मलाही आवरत नव्हतं. नानांचे हात तुम्ही पाहिले नाहीत. सहकारी साखर कारखान्यात क्रेन चालवण्यात त्यांची उमर गेली होती. ट्रकमधला ऊस उचलायचा आणि गव्हाणीत टाकायचा, हे काम. ऊसच नाही म्हटल्यावर गाळप कशाचं करणार? कारखान्याला कुलूप लागलं आणि नाना घरी बसले. बायको पुण्याला लेकाकडं, नातवंडं सांभाळायला. घरात हे आणि यांची म्हातारी आई.

मी समजावलं. डाव्या हातात हा चपट्या डोक्याचा खिळा धरायचा, डोक्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. उजव्या हातात क्रीमचा कोन. कोन दाबायचा आणि खिळा फिरवायचा. पाकळी पुरी झाली की दाब सोडायचा आणि मगच कोन उचलायचा. नानांनी सगळं कान देऊन ऐकलं आणि कोन असा आवळला की आतलं सगळं क्रीम एका दमात बाहेर आलं.

"हे काय झालं नाना?"

नानांनी ते नीट निरखून पाहिलं. "मुळा," म्हणाले.

मग बायका मोकळेपणानं हसल्या, पदर खांद्यावर आले आणि नाना आमच्या वर्गातले झाले. मला ते 'मास्तरीण' म्हणायला लागले. स्वतःशीच पुटपुटत बसायचे, "आस्ते, आस्ते. लोड सोडताना हात हलका पायजे." कधी चिडायचे स्वतःवरच. "आख्खा ट्रक असा उतरवायचो मी, की कांड्याला कळायचं न्हाई. आन् ही येवढीशी पाकळी कावून हालती?"

मी म्हटलं, "गुलाबापासून सुरू करा. गुलाबात चुका लपतात."

"गुलाब नगं. मला कण्हेर शिकीव."

"कण्हेर? अहो, केकवर कण्हेर कुणी काढतं का? विषारी झाड ते."

"म्हनूनशानच," नाना म्हणाले आणि खिळ्यावरचं क्रीम पुसायला लागले.

त्यांच्या आईचं, सोनाआजींचं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. मलाही होतं, पण त्याची आणि नानांच्या कण्हेरीची जोड माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. आजींच्या डोक्यातली सालं गेल्या काही दिवसांत एकमेकांत मिसळून गेली होती. हा दुष्काळ बघून त्या सरळ बहात्तरच्या दुष्काळात जाऊन बसल्या. तेव्हा त्या तरण्याताठ्या होत्या, रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या, कडेवर दगडू. आधीची लेकरं हाती लागली नव्हती. चांगलं नाव ठेवलं की दृष्ट लागते, म्हणून ह्याचं नाव दगडू. त्या सालात माणसांनी हादग्याची, शेवग्याची, तरवडाची फुलं शिजवून पोटं भरली. आता नानांनी भाकरीचं ताट पुढं ठेवलं की आजी ते सारून द्यायच्या आणि दिवसभर फुलं शोधत हिंडायच्या.

पण यंदा हादगा वाळलेला, शेवग्याची नुसती खुंटं उरलेली. सगळ्या शिवारात फुलत होती ती एक कण्हेर. शेरडंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत, तिला काय होतंय? बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकाशी दोन्ही अंगांना गुलाबी कण्हेर नुसती लगडली होती. तिथंच आजी सापडल्या, मूठ फुलांनी भरलेली आणि तोंडातही फूल. जीपमध्ये घालून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं म्हणून वाचल्या. डॉक्टर नानांना म्हणाले, पुन्हा असं झालं तर भरवसा नाही.

नानांनी आपल्या अंगणातली कण्हेर मुळासकट काढली. ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं, गावातली सगळी काढा. तिथं म्हणाले, गावात हिरवं तेवढंच उरलंय, ते पण काढायचं का? कुणी सल्ला दिला, म्हातारीला खोलीत कोंडून ठेवा. त्याला नाना म्हणाले, "माय हाय माजी. शेरडू न्हाई दाव्याला बांधायला."

हे सगळं त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं, मान खाली घालून, खिळा पुशीत. "झाडं कुटवर तोडू, मास्तरीण? तिला फूलच पायजे तर फूलच देतो. खायचं. पन कण्हेरीवानीच दिसलं पायजे. तुजा गुलाब नेऊन दिलता मी तिला. तिनं वास घेतला आन् भिताडाला पुसून टाकला."

माझ्या गुलाबाचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता. पण करता काय? लागलो कण्हेरीला.

क्रीमचं आमच्याकडच्या उन्हात काही खरं नाही, हे दुसऱ्याच दिवशी कळलं. लाईट गेली, फ्रीज घामेजला आणि नानांच्या फुलांनी माना टाकल्या. मग मी पांढऱ्या चवळीचं पुरण केलं. चवळी भिजवून सालं काढायची, शिजवायची, साखर घालून आटवायची आणि पुरणयंत्रातून मऊ काढून पुन्हा कोरडी करायची. त्यात बिटाच्या रसाचे थेंब टाकले की थेट कण्हेरीचा गुलाबी रंग. ते उन्हाला दाद देईना. नाना सालं काढत बसायचे, पण चाखायचे नाहीत. "तूच सांग गोड झालंय का. मला साकर हाय. येवढी उमर साकर कारखान्यात काडली, रगतात उतरनारच की." डॉक्टरांनी गोडाला हात लावायचा नाही असं बजावलं होतं आणि नाना ते कसोशीनं पाळायचे. "मी आडवा झालो तर मायला कोन बघल?" असं म्हणायचे.

कण्हेरीची पाकळी दिसते साधी, पण जराशी पिळलेली असते, भिंगरीच्या पात्यासारखी. तो पीळ नानांच्या हाताला येईना. कधी फूल पंख्यासारखं व्हायचं, कधी कांद्यासारखं. बायकांची शेवंती झाली, मोगरा झाला, त्या पुढं गेल्या. नाना आपले कण्हेरीवरच. कारखान्याच्या फाटकाशी जाऊन फुलाकडं टक लावून उभे राहायचे. रखवालदाराला वाटलं, नानालाही म्हातारीचीच लागण झाली.

आणि एक दिवस पीळ आला. कसा आला ते त्यांनाही सांगता येईना. कागदावर ते फूल घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले, मिशीला पुरण लागलेलं. मी फूल पाहिलं आणि सवयीनं म्हणून गेले, "अहो टाका ते, हात धुवा आधी." मग माझ्या लक्षात आलं. नाना इतके खूश झाले की पुरणाच्या हातानंच मिशीला पीळ द्यायला लागले.

त्या खुशीतच त्यांनी माझा घात केला. दूध सोसायटीच्या चेअरमनांचा वाढदिवस होता. दूध आटलं होतं, जनावरं छावणीत होती, पण वाढदिवस कधी आटत नसतो. आमच्या गटाची ती पहिली मोठी ऑर्डर. मी मोगऱ्याचा केक केला आणि न्यायचं काम नानांवर सोपवलं, कारण एवढं जड अलगद न्यावं तर त्यांनीच. मी मागाहून पोचले तर काय, मंडपात सगळे चिडीचूप. चेअरमनांच्या हातातली सुरी हवेत आणि केकच्या मधोमध एक टपोरी गुलाबी कण्हेर.

"कण्हेर हाय बे ही," एक जुने संचालक म्हणाले.

"कुनी ठिवली?"

"इलेक्शन जवळ आलंय," दुसरा हळूच म्हणाला, आणि त्यासरशी चेअरमनांच्या मंडळींनी आपली लेकरं मागं ओढली.

मी पुढं होऊन सांगायला लागले, पुरणाचं आहे, खायचं आहे. कोण ऐकतंय? कण्हेरीचं विष आमच्याकडं तान्ह्या लेकरालाही माहीत असतं. शेवटी नाना पुढं आले. फूल उचललं, मिशी बाजूला केली आणि सबंध फूल तोंडात टाकलं. साखरेचं पथ्य मोडून, माझ्यासाठी. मग सगळा मंडप नानांकडं बघत बसला, हे कधी पडतात म्हणून. नाना काही पडले नाहीत. उलट पाणी मागितलं. तरी केकला कुणी हात लावला नाही. तो जसा गेला तसा माझ्या घरी परत आला आणि टँकरच्या रांगेत बायकांनी संपवला.

मी संतापले होते. "नाना, तुम्ही माझ्या गटाची लाज घालवली. काय सुचलं तुम्हाला?"

"रागावू नगं. येक सांग फकस्त." नानांचा चेहरा दहावीच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखा. "आख्खं गाव फसलं. आता माय फसल का न्हाई?"

माझा राग तिथंच विरला.

नुसतं फूल हातात दिलं तर आजी घेणार नाहीत, त्यांना खुडायला लागतं, हे नानांना ठाऊक होतं. त्यांनी लिंबाची वाळकी फांदी आणली, तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून उभी केली आणि तिच्यावर पुरणानंच कण्हेरी डकवल्या. मुंग्या लागतील म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवला. प्यायला पाणी नाही आणि हा माणूस मुंग्यांना तळं बांधतोय. मी तसं म्हणालेही. "माज्या वाटच्या पान्यातलं हाय," नाना म्हणाले.

सकाळी आम्ही दोघं दाराआड उभे राहिलो. आजी आल्या. फांदीकडं पाहिलं. तोंड उजळलं. हलक्या हातानं एक एक फूल खुडलं आणि पदरात घेतलं. नानांनी माझा दंड धरला होता, तो आवळत चालला होता. सगळी फुलं खुडून झाली, आजी भिंतीला टेकून बसल्या. एक फूल उचललं, कोपरा चाटून पाहिला, मान हलवली आणि परत पदरात ठेवलं. खाईनातच.

शेवटी नाना बाहेर गेले. "खा की माय. गोड हायेत."

आजींनी पदर छातीशी धरला. "न्हाई. माज्या लेकराला हायेत. उपाशी हाय ते."

मी म्हटलं, "आजी, हेच की तुमचे दगडू."

आजींनी नानांकडं खालीवर पाहिलं आणि हसल्या. "ह्यो? ह्याला केवडी मिशी हाय. ह्यो बाप्या हाय कुनाचा तरी. माजा दगडू येवडा." त्यांनी जमिनीपासून वर हात धरून दाखवला, उंची गुडघ्याच्या जरा वर. "कुटं गेलाय की. दिसंना."

आजी दिवसभर फुलं पदरात घेऊन दारात बसल्या. संध्याकाळी त्यांचा भुगा झाला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ताट सारून देत होत्या ते का, हे आता आम्हाला कळलं. लेकरू जेवल्याबिगर ती बाई घास कसा घेणार? नाना मला म्हणाले, "त्या दिशी फाटकापाशी तिच्या तोंडात कण्हेर सापडली न्हवं? ती खात नसनार. पयल्यापासून तिची तीच रीत. कडू हाय का ते आदी सोता चाखायची, मंग मला द्यायची." एवढं बोलून ते उठून गेले. त्या दिवसापासून वर्गात यायचे थांबले. आजींची हाडं दिसायला लागली होती. मला रोज भीती वाटायची.

आणि एका सकाळी टँकरच्या रांगेत बातमी आली. न्हाव्यानंच सांगितली. दगडूनानांनी मिशी उतरवली.

कुणी काही विचारलंच नाही. विचारायचं काय? मंदानं डोळ्याला पदर लावला. पाण्याची रांग सोडून बायका निघाल्या, दुष्काळात ही केवढी गोष्ट ते तुम्हीच समजा. गल्लीतून पुरुष माणसं खांद्यावर टॉवेल टाकून यायला लागली. सरपणाचं कोण बघतंय, असंही कुणीतरी विचारलं. नानांच्या अंगणात शिरताना माझ्यामागच्या एकीनं गळा काढायला सुरुवात केली होती आणि मी उंबऱ्यातच थबकले म्हणून ती माझ्यावर आदळली.

नाना अंगणात मांडी घालून बसले होते. वरचा ओठ पांढराफटक, कधी ऊन न लागलेला. मिशीशिवाय तो चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. इतका भाबडा निघेल असं वाटलं नव्हतं. पाठीत वाकून, मान खाली घालून ते बसले होते, जमेल तेवढं लहान होऊन. पुढ्यात आजी, पदरात कण्हेरीची फुलं.

"कुटं गेलतास रं?" आजी म्हणत होत्या. "कवाची हुडकायले तुला."

"हितंच व्हतो, माय."

"भूक लागली?"

"लई."

आजींनी फुलाचा कोपरा आधी जिभेला लावला. मग ते नानांच्या तोंडाशी धरलं. "खा. कुनाला दावू नगंस."

नानांनी आ केला. माझ्या ओठांवर आलं होतं, नाना, साखर. त्यांनी एक खाल्लं, मग दुसरं खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते चावत होते. आजी त्यांच्या ओठावरून बोट फिरवून चिकटलेलं पुरण पुसत होत्या.

मग आजींचं लक्ष आमच्याकडं गेलं. अंगणभर माणसं, बायकांच्या डोळ्यांना पदर. आजी घाबरल्या. "काय झालं गं बायांनो? कोन गेलं?"

नानांनी तोंडातला घास गिळला.

"कुनी न्हाई गेलं, माय," ते म्हणाले. "माजं प्वाट भरलं. आता तू खा."

आजींनी त्यांच्या पोटावरून हात फिरवून खात्री करून घेतली. मग पदरातलं उरलेलं फूल स्वतःच्या तोंडात घातलं.